एकसष्टाव्या पानावरची वजाबाकी

परीक्षकांचं पत्र आलं तेव्हा माझ्या लेकीच्या, आरोहीच्या काखेत थर्मामीटर होता. मार्चमध्ये तिला तापात झटका आला होता. तेव्हापासून घरात नियम होता की अंग जरा कोमट लागलं तरी मोजायचं. नियम अर्थात माझाच. माझा नवरा गोकुळ म्हणायचा, "जित्या माणसाचं अंग कोमटच असतंय, अश्विनी. गार लागलं तर सांग."

थर्मामीटर वाजला, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. त्याच्यामागोमाग फोन वाजला. माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक प्रतिभा मॅडम यांनी एक ईमेल पुढं पाठवला होता आणि वर एकच ओळ लिहिली होती : पान एकसष्ट बघ, मग फोन कर.

पत्र चार पानांचं होतं. पहिल्या तीन पानांवर किरकोळ दुरुस्त्या, स्वल्पविराम, एका संदर्भाचं चुकलेलं साल. चौथ्या पानावर दोन वाक्यं होती. "पान ६१, तिसरी ओळ : उमेदवारानं एक पद दुसऱ्या बाजूला नेलं आहे. उमेदवाराच्या जगात दुसरी बाजू नाही."

मी उभी होते ती खाली बसले. आरोही माझ्या मांडीवर चढून थर्मामीटर चावायला लागली, तो काढून घेतला, बॅटरीचं झाकण जागेवर आहे ना ते पाहिलं, आणि मग पान एकसष्ट उघडलं. परीक्षक सर बरोबर होते. मी वजाबाकी केली होती.

यात एवढं काय, ते सांगते. गोकुळला आळेफाट्याच्या गॅरेजमध्ये मी हे दोन घमेल्यांवर समजावलं होतं. एक घमेलं जमिनीवर उपडं ठेवायचं. त्याच्या डोक्यावर दुसरं उताणं ठेवायचं. ती एकमेकांत घुसलेली नाहीत, नुसती टेकलीत. तर मग दोघांच्या मधून एक सपाट पत्रा सरकवता येतो, न वाकवता. कुठलीही घमेली घ्या, एकाचं पोट वर, एकाचं पोट खाली, पत्रा जातोच. हान आणि बानाख या दोघांच्या नावानं ओळखला जाणारा शंभर वर्षांचा सिद्धांत, त्याचं मूळ हेच. अवसरीला मी शिकवते त्या कॉलेजच्या वाटेवर दोन शेतांच्या मधे दोरी ताणून बांध धरतात, तोही त्याच सिद्धांताचा भाऊबंद. शेतं आत खोबण न पडलेली, फुगीर हवीत आणि एकमेकांत शिरलेली नकोत, की सरळ दोरी मधून जाते.

"याच्यासाठी सहा वर्षं?" गोकुळ म्हणाला होता. "पत्रा मी आत्ता घालून दाखवतो."

"तुझी घमेली साध्या जगातली आहेत."

माझ्या जगात वजाबाकी नव्हती. तिथं दोन गोष्टींची बेरीज करता येते, एखादी गोष्ट दुप्पट, तिप्पट, अर्धी करता येते, पण घातलेलं परत काढता येत नाही. चहात साखर घातली की घातली. अशी जगं गणितात पुष्कळ आहेत, आणि त्यातल्या एका मोठ्या घराण्यात पत्रा जातोच, असं माझ्या प्रबंधाचं म्हणणं होतं. ते खरं ठरलं तर जुने तीन-चार मोठे सिद्धांत एकाच मुळाच्या फांद्या म्हणून त्यातून निघत होते. बांधाचा त्यातच आला, घमेल्यांचाही.

आणि ज्या जगात वजाबाकी नाही असं मी सहा वर्षं सगळ्यांना सांगत होते, तिथं पान एकसष्टवर मीच ती केली होती. ते पान लिहिलं तेव्हा आरोही दोन महिन्यांची होती. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून लिहिलेलं. हात सवयीनं गेला.

मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळं जास्त भीती वाटली. "तोंडी परीक्षा सत्तावीसला आहे. तुझी नोंदणी दोनदा वाढवून झालीय, ती एकतीसला संपते. सर म्हणतात, दुरुस्ती झाली नाही तर मुख्य सिद्धांत काढावा लागेल. मग उरतं काय, तू सांग."

उरत होती उजळणी. दुसऱ्यांनी सिद्ध केलेल्या गोष्टींची एकशे वीस पानं. नोंदणी पहिल्यापासून. माझ्याकडं नऊ दिवस होते.

आरोहीला सांभाळणाऱ्या शेजारच्या मावशी आजारी पडल्या होत्या. आईचा मढहून फोन आला, "आवणी चाललीय, तरी ये. पोरीला मी बघीन." दुसऱ्या दिवशी सकाळी गोकुळनं आम्हाला आळेफाट्याला कल्याणच्या एसटीत बसवलं. खिडकीतून त्यानं पिशवी आत दिली आणि म्हणाला, "त्यात वह्या तीन अन् औषधाच्या बाटल्या सात हायेत. गणिताला कमी पडलं तर बाटल्या मोजत बस."

मढला पोचल्यावर कळलं की मी बघीन म्हणजे लांबून लक्ष ठेवीन, असं आईला म्हणायचं होतं. आई, चिमाबाई, पहाटेपासून भाताची रोपं लावायला चिखलात. शेजारच्या कुशाबाई तिच्या जोडीला. माझे वडील, भिमाजी, त्यांना आम्ही दादा म्हणतो, नव्या खाचराच्या मागं. हे खाचर उन्हाळ्यात पडकईनं झालं होतं. पडकई म्हणजे आठ-दहा घरांनी एकत्र येऊन आळीपाळीनं एकेकाचा उतार फोडायचा, दगडाचा बांध रचायचा, माती ओढून भाताची जागा करायची. आज तुझं, उद्या माझं. यंदा आमची पाळी लागली होती, आणि त्या खाचरात अजून एकही रोप लागलं नव्हतं.

मी बांधावर गोणपाट टाकून बसले. एका हातात पेन, दुसऱ्या हातात आरोहीच्या फ्रॉकचं टोक. चिखलावर पाणी वीतभर होतं, ते मी काडीनं मोजलं होतं. बांधात खेकड्यांची भोकं किती आणि त्यातलं एखादं सापाचं आहे का, तेही पाहून ठेवलं होतं.

पाच दिवस तसेच गेले. माझी जुनी रीत होती ती, जी सगळ्या पुस्तकांत असते. पत्रा आधी छोट्या जागेत बसवायचा, मग एकेक दिशा जोडत मोठा करत न्यायचा. प्रत्येक नव्या दिशेला पत्रा किती वर उचलायचा, त्याचा आकडा काढायचा. आणि तो आकडा काढायला दर वेळी वजाबाकी लागायची. मी पुढच्या दारानं तिला हाकलली की ती मागच्या दारानं आत. कधी दुसऱ्या नावानं, कधी दोन ओळी सोडून.

"कसलं लिहिती गं एवढं?" कुशाबाईंनी रोपांची जुडी सोडता सोडता विचारलं.

"चूक झालीय एक. ती काढतेय."

"खेकडं लागलं म्हण की तुझ्या पुस्तकाला," आई म्हणाली. "एक भोक बुजवलं की दुसऱ्याकडनं पाणी."

"तसंच."

"मंग भोकं बुजवत बसू नगं. बांधच काढ अन् नवा घाल."

आईनं ते हसण्यावारी म्हटलं. मला राग आला, कारण चार दिवस उरले होते.

सहाव्या दिवशी दादा नव्या खाचरात फळी फिरवून वर आले. चिखल झाला होता, वर पाणी तुडुंब. आरोहीनं माझ्या हातातून फ्रॉक सोडवून घेतला होता आणि ती बांधावरून त्यांच्याकडं निघाली होती. मी वही तशीच टाकून तिच्या मागं धावले. दादांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं, चिखलाच्या हातानं, आणि बांधाचं तोंड फावड्यानं बोटभर उघडलं. पाणी खालच्या खाचरात उतरायला लागलं.

"भरलेलं पाणी सोडून का देताय?" मी विचारलं. माझं लक्ष आरोहीच्या डोळ्यांकडं होतं, चिखल जातोय का ते.

"खाचर नवं हाय. ह्याची पातळी कुणालाच ठावं न्हाई. उन्हाळ्यात दोरी लावली, डोळ्यानं बघितलं, आठ माणसं आठ गोष्टी बोलली. आता पाणी बोलंल."

"कसं?"

"वरनं सुरू करायचं. भरपूर भरायचं, सगळा चिखल झाकून. मंग हळूहळू उतरू द्यायचं. चिखल झाकलेला ऱ्हायला पायजे, येवढंच बघायचं. जिथं आता याच्यापुढं एक बोट बी उतरलं तर माती उघडी पडंल, तिथं तोंड बंद. झाली पातळी."

"आणि कोपऱ्याकोपऱ्यातून मोजत आलं तर?"

"इकडनं मोजत गेलं की तिकडं चुकतंय. तिकडचं नीट केलं की इकडचं बिघडतंय. तुझ्या आज्यानं केलं व्हतं तसं, दोन साल रोपं बुडली." दादांनी आरोहीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "घालायचं न्हाई, मोजायचं न्हाई. फकस्त उतरू द्यायचं."

पाणी उतरत होतं. खाचराच्या मधोमध माती जराशी पोटासारखी फुगली होती, उपड्या घमेल्यासारखी. पाणी तिच्या माथ्याच्या बोटभर वर आलं तेव्हा दादांनी फावड्यानं तोंड बंद केलं. पाणी हललं, मग थांबलं. इकडच्या बांधापासून तिकडच्या बांधापर्यंत एकसारखं.

मी तिथंच उभी राहिले. खाली चिखल. वर पाणी. चिखल झाकलेला राहील असं बघत वरचं खाली आणायचं, जितकं येईल तितकं. मी सहा वर्षं पत्रा खालून, कोपऱ्यातून, एकेक दिशा जोडत बांधत होते. तो बांधायचाच नव्हता. वरच्या घमेल्यालाच खाली येऊ द्यायचं, खालच्याला न दुखावता. आणि जिथं ते अडेल तिथं त्याला सपाट असण्यावाचून इलाज नाही.

"दादा, पण ते थांबतं तेव्हा सपाटच असतं हे कशावरून?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं लहानपणी मी भाकरीला दोन बाजू का असतात म्हणून विचारल्यावर पाहिलं होतं.

"सपाट नसतं तर थांबलं कशाला असतं? एकीकडं उंच असंल तर तिथनं अजून उतरलं असतं की."

मी वही आणायला पळाले. पळताना पाय घसरून गुडघाभर चिखलात गेले. कुशाबाई म्हणाल्या, "आली बघा मास्तरीण आवणीला." मी तशीच बसून लिहायला लागले. सपाट नसेल असं धरून चाल. मग ते कुठंतरी अजून उतरवता येतं. पण आपण तर शक्य तितकं खाली आणलेलं होतं. म्हणजे विरोध. म्हणजे सपाट. वरच्यासाठी हे केलं, मग खालच्याला वर चढवून तेच केलं, दोन्ही अडले तिथं मधे पत्रा. अडीच पानं झाली. तेवढ्या वेळात आरोहीनं दादांच्या टोपीत दोन खेकडे ठेवले होते, ते मला नंतर कळलं.

मी घाबरट आहे, हे मला माहीत आहे. रात्री पोरीचा श्वास मोजते, गॅसचं बटण तीनदा बघते. त्या दोन दिवसांत तो घाबरटपणा मी त्या अडीच पानांवर सोडला. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न : इथं जगातून काही काढलं का? आकड्यांची वजाबाकी चालते, ती आकड्यांत आहे. पण जगातल्या वस्तूंची? प्रत्येक ओळीखाली पेन्सिलनं टिंब. सात वेळा वाचलं, प्रत्येक ओळीखाली सात टिंबं झाली. कुठंच काढलेलं नव्हतं.

सातव्या वाचनात मात्र दुसरंच काही दिसलं. माझ्या सिद्धांताला तीन अटी होत्या. पहिली वापरली होती, दुसरी वापरली होती. तिसरी अट, जिच्यासाठी प्रकरण दोन अख्खं लिहिलं होतं, ती या अडीच पानांत कुठंच आली नव्हती. अट वापरायची राहिली याचा अर्थ शंभरात नव्याण्णव वेळा एकच असतो, की सिद्धता चुकली.

देवळाच्या चढावर फोनला रेंज येते. आरोहीला कडेवर घेऊन तिथं गेले आणि मॅडमना सगळं वाचून दाखवलं. मी म्हटलं, "मॅडम, तिसरी अट कुठंच लागली नाही. मला भीती वाटतेय."

फोन कट झाला का ते मी पाहिलं. नव्हता.

"परत वाच," मॅडम म्हणाल्या. "हळू."

परत वाचलं. शेवटी त्या म्हणाल्या, "अश्विनी, ती अट तुझ्या सिद्धांताची नव्हतीच. ती तुझ्या जुन्या रीतीची होती. एकेक दिशा जोडायची म्हणून लागत होती." आणि मग जरा थांबून, "काढून टाक. नवी पानं आणि संदर्भांची यादी आजच सरांना पाठव. सत्तावीसला ये."

मी त्या चढावरच बसले. आरोही म्हणाली, "आई ललते." मी रडत होते हे तिनं सांगितल्यावर मला कळलं.

सत्तावीसला दादा विद्यापीठात बरोबर आले. गोकुळनं गॅरेजची सुट्टी टाकली आणि आरोहीला घेऊन तो मागच्या रांगेत बसला. दादा त्याच्या शेजारी, धुतलेली टोपी, मांडीवर पिशवी. पिशवीत आईनं दिलेली चार भाकऱ्यांची चळत. तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसतं. बाहेरचे परीक्षक, पत्र लिहिणारे तेच सर, पहिल्या रांगेत होते. उंच, वयस्कर, आणि माझ्या प्रबंधाच्या पानापानाला त्यांनी पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या.

मी फळ्यावर घमेल्यांचं चित्र काढलं. जुना सिद्धांत सांगितला. मग पान एकसष्ट.

"ही चूक माझी होती," मी म्हटलं. "इथं मी जी वजाबाकी केली ती या जगात नाही. म्हणून मी ती रीतच सोडली."

अडीच पानं फळ्यावर मांडायला चाळीस मिनिटं लागली. सर मधे मधे थांबवत होते, हे का, ते कशावरून. एकदा ते म्हणाले, "इथं तुम्ही काढलंत." मी म्हटलं, "नाही सर. हे आकड्यातून काढलंय, जगातून नाही." त्यांनी ती ओळ परत वाचली आणि एक पिवळी चिठ्ठी काढून मुठीत चुरगळली. त्यानंतर ते थांबवायचे कमी झाले. चिठ्ठ्या निघत राहिल्या.

शेवटी त्यांनी नव्या पानांबरोबर आलेली संदर्भांची यादी उघडली.

"एक संदर्भ मला सापडला नाही. सत्तेचाळीस क्रमांकाचा. तुम्ही लिहिलंय, या पद्धतीची मूळ कल्पना भिमाजी, मढ, प्रत्यक्ष संभाषण. हे भिमाजी कुठल्या संस्थेत आहेत? मी काल रात्रीपासून शोधतोय."

"ते मागच्या रांगेत बसलेत, सर."

सगळे वळले. दादांनी पिशवी गोकुळच्या मांडीवर ठेवली आणि उठून उभे राहिले, बोलावलं असं समजून.

सरांनी मराठीत, जरा अडखळत विचारलं, "तुम्ही हिला काय सांगितलंत?"

"गणिताचं आमी काय सांगावं, साहेब. खाचराचं सांगितलं."

"काय सांगितलं?"

दादांनी सांगितलं. तुडुंब भरायचं, उतरू द्यायचं, चिखल उघडा पडू द्यायचा नाही, अडलं की बंद. बोलताना त्यांचा हात पाण्यासारखा सपाट खाली येत होता.

"आणि ते थांबतं तेव्हा सपाट असतं, हे कशावरून?"

हाच माझा लेमा होता, सिद्धतेतला आधाराचा टप्पा. याच्यावरच सगळं उभं होतं.

"सपाट नसतं तर थांबलं नसतं," दादा म्हणाले.

सर हसले. मोठ्यानं नाही. त्यांनी शेवटची चिठ्ठी काढली, सत्तेचाळिसाव्या संदर्भावरची, आणि माझ्याकडं वळले. "माझा शेवटचा प्रश्न. तुमच्या सारांशात तीन अटी आहेत, फळ्यावर दोनच. तिसरी कुठं वापरलीत?"

"कुठंच नाही, सर. ती लागत नाही. सारांश छापून झाल्यावर सापडलं. सात वेळा तपासलं."

"म्हणजे मी तुमचा सिद्धांत काढायला सांगत होतो," ते सावकाश म्हणाले, "आणि तुम्ही एक अट कमी करून तो आणखी जास्त जगांसाठी मोठा करून आणलात."

बाहेर बसायला सांगितलं तेव्हा मी गोकुळकडं आले. चाळीस आणि वर पंधरा-वीस, तासभर मी पोरीकडं एकदाही पाहिलं नव्हतं. ती त्याच्या मांडीवर भाकरीचा तुकडा चोखत बसली होती, तोंडाला सगळं पीठ. तिच्या कपाळाकडं हात नेला. कोमट होतं. मोजलं नाही.

"उपडं घमेलं, उताणं घमेलं," गोकुळ म्हणाला. "शेवटी सासऱ्यानंच पत्रा घातला. माझं नाव कुठल्या नंबरला टाकलंय?"

"अठ्ठेचाळीस."

"खरं?"

"घमेली तुझीच होती ना."

त्यानं आरोहीचं तोंड स्वतःच्या रुमालानं पुसलं, दोनदा.

दार उघडलं, आत बोलावलं. परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी उभं राहून वाचलं, समिती विद्यापीठाला डॉक्टरेटची शिफारस करते, प्रबंध दुरुस्त रूपात स्वीकृत, आता फक्त सारांशात एक बदल, तिसरी अट वगळावी. मॅडमनी चष्मा काढून पदरानं पुसला. टाळ्या वाजल्या, आरोहीनंही वाजवल्या, आणि सगळ्यांनी थांबवल्यावर ती एकटीच वाजवत राहिली.

परतीच्या गाडीत नारायणगाव गेल्यावर दादांनी विचारलं, "ती तिसरी काय म्हनाले, अट? तिचं काय केलं?"

"काढून टाकली."

"पन तू म्हनालीस, तुझ्या जगात काढता येत न्हाई."

मी हसायला लागले. हसता हसता गोकुळच्या खांद्यावर डोकं टेकलं. "ती जगातली नव्हती दादा. ती मीच बाहेरून लावली होती."

"मंग ठीक," दादा म्हणाले, आणि त्यांनी पिशवीतून भाकरी काढून मोडली. "आता नव्या खाचराला चल. उद्या त्यात तूच पहिलं रोप लाव."